डावीकडचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माइक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो गाणाऱ्याच्या तोंडापाशी असणारा, दिवसभर थुंकी झेलणारा गलेलठ्ठ गोळा. तो मी नव्हे. मी अंगठ्याएवढा जाड आणि वीतभर लांब असा सडपातळ माइक आहे, आणि माझी जागा उंचावर असते. ड्रम वाजवणारा माणूस आपल्या ड्रमच्या मधोमध स्टुलावर बसला, की त्याच्या डोक्याच्या वर, दोन बाजूंना दोन माइक लावतात. त्यांतला डावीकडचा मी. खालचे माइक बिचारे एकेका ड्रमला नाक लावून बसतात आणि तेवढंच ऐकतात. आम्ही दोघे मात्र सगळं ऐकतो. उंचावर बसून सगळ्यांचं ऐकायला मला मनापासून आवडतं. थोडा तोरा आहे माझ्यात, तो चालवून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक स्वच्छ खोलीत झाला. धुळीचं तिथे इतकं वावडं होतं की कामाला येणाऱ्या बायका डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. त्यांतल्या एकीने श्वास रोखून, चिमट्याने एक पडदा माझ्या तोंडावर ताणून बसवला. कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असा तो पडदा हाच माझा कान. आवाज त्याच्यावर येऊन आदळला की तो थरथरतो, आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. माझं सगळं आयुष्य म्हणजे ही थरथर.

कान बसला म्हणजे काम संपलं, असं नव्हतं. आम्हाला जोडीने विकायचं होतं आणि जोडीतल्या दोघांचं ऐकणं अगदी एकसारखं हवं होतं. त्यामुळे माझ्यासारखाच ऐकणारा दुसरा सापडेपर्यंत मला फळीवर बसून राहावं लागलं. लग्न न जमणाऱ्या मुलासारखी माझी गत झाली. तपासणीस रोज एकेकाला माझ्यासमोर आणायचा आणि मान हलवून परत न्यायचा. शेवटी एकदाचा तो सापडला. मी जे ऐकतो तेच, तेवढंच आणि तसंच तो ऐकत होता. आम्हाला एकाच लाकडी पेटीत शेजारीशेजारी झोपवलं, आणि त्या दिवसापासून तो माझा जुळा भाऊ झाला.

आमची पहिली नोकरी एका मोठ्या सभागृहात होती. शंभर माणसं एका सुरात गात आणि आम्ही वरून ऐकत असू. लोक आमचं कौतुक करत, आमच्या अंगावर मऊ फडकं फिरवत. मग नवे, चकचकीत माइक आले आणि आमची रवानगी कपाटात झाली. कानामागून आली अन् तिखट झाली, ही म्हण मी तिथे अनुभवली. त्या कपाटातून आम्हाला बाहेर काढलं एका मुलीने. ती दिवसा कुरिअरच्या ऑफिसात काम करायची, पण तिचं सगळं लक्ष आवाजात होतं. तिने जुन्या सामानाच्या विक्रीत आमची पेटी उघडली, आम्हाला कानाशी धरून हलवून पाहिलं आणि म्हणाली, “अय्या, जोडी आहे!” मला ती तिथेच आवडली.

तिच्या घरामागे एक खोली होती. शिडी, मोडका पंखा आणि कुणाचीच नसलेली सायकल हलवून तिने तिथे स्टुडिओ मांडला होता. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आवाज तर जातच होता, फक्त खोली कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसायला लागली. मग तिने ते ट्रे काढून जुन्या गाद्या उभ्या केल्या. त्यांनी मात्र काम केलं. तिची आई म्हणाली, “पाहुणे आले की झोपवायचं कुठं? भिंतीवर?”

त्या खोलीच्या मध्यभागी चादरीखाली एक ड्रम सेट होता. तो बाबांचा, म्हणजे त्या मुलीच्या वडिलांचा. ते एका ऑर्केस्ट्रात पंचवीसेक वर्षं ड्रम वाजवत होते. त्यांची लय कधी इकडची तिकडे होत नसे, म्हणून सगळे त्यांना ‘घड्याळ’ म्हणायचे. पुढे ड्रमचा ठेका मशीनवर वाजायला लागला, ऑर्केस्ट्रा मोडला आणि घड्याळावर चादर पडली. मग एके दिवशी त्याच ऑर्केस्ट्रातल्या जुन्या कीबोर्डवाल्या मित्राचा फोन आला. त्याला एका नृत्यनाटिकेचं संगीत करायचं होतं आणि त्यात खरे ड्रम हवे होते.

“तुझ्या मुलीच्या स्टुडिओत करू,” तो म्हणाला. “पण घड्याळ, आवाज चांगला यायला पाहिजे हं. नाहीतर मशीन आहेच.”

मित्रांनो, त्या फोननंतर बाबांनी ज्या घाईने चादर ओढली ती पाहून मला भरून आलं. त्यांना पुन्हा वाजवायला मिळणार होतं, आणि लेकीच्या खोलीला पहिलं खरं काम मिळणार होतं. जमलं नाही तर बाबांच्या जागी मशीन बसणार होतं आणि ते पुन्हा कधीच उठणार नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्हाला लावण्याचा तिचा एक विधीच होता. स्नेअर म्हणजे दोन गुडघ्यांच्या मध्ये असतो तो मुख्य ड्रम. त्याच्या मधोमध ती सुतळीचं एक टोक बोटाने दाबून धरायची आणि दुसरं टोक माझ्या तोंडाला लावायची. मग तेवढीच सुतळी माझ्या भावापर्यंत. एक बोटभरही फरक पडला तर स्टँड हलवायची. कारण असं की, स्नेअरचा फटका आम्हा दोघांना एकाच क्षणी ऐकू आला पाहिजे. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर आला, तर आमचं ऐकलेलं एकत्र केल्यावर तो फटका पोकळ होतो, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. दोन साक्षीदारांनी वेगवेगळं सांगितलं की खरी गोष्टही खोटी वाटते, तसंच ते.

बाबा बसले. त्यांनी कानांवर हेडफोन चढवले, कारण गाण्याचा बाकीचा भाग त्यातूनच ऐकत वाजवायचं होतं. माझ्या खाली त्यांची हाय-हॅट होती. हाय-हॅट म्हणजे एकमेकींवर ठेवलेल्या दोन झांजा, पायाने उघडमीट करायच्या आणि काठीने वाजवायच्या. माझ्या भावाच्या खाली मोठी एकटी झांज, तिला राइड म्हणतात. बाबांनी काठ्या उचलल्या आणि मी कान टवकारले.

काय वाजवलं हो त्यांनी! हे घड्याळ इतकी वर्षं चादरीखाली होतं यावर विश्वास बसू नये. पण गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी हात थांबवला.

“डावीकडचं काही येत नाहीये,” ते म्हणाले. “हाय-हॅट शेजारच्या घरात वाजतेय असं वाटतंय.”

मुलीने माझा आवाज वाढवला. ते पुन्हा वाजवायला लागले, पुन्हा थांबले. “अजून.” तिने अजून वाढवला. मग त्यांनी काय केलं असेल? आपल्याला ऐकू येत नाही म्हणून ते हाय-हॅट जोरात हाणायला लागले. ते फटके थेट माझ्या कानावर बसत होते. मी थरथरत नव्हतो, अक्षरशः हादरत होतो. संध्याकाळी ते गाणं मित्राकडे गेलं, आणि त्याचा निरोप आला की डावी बाजू कानात घुसतेय, हाय-हॅट आहे की भांडी पडतायत तेच कळत नाही.

बाबांना हे पटेना. “डावीकडे काही येतच नाहीये आणि हा म्हणतो घुसतेय! तो माइक खराब आहे. मला पहिल्यापासून वाटत होतं.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणालो असतो. पण बाबांना नाचता येत होतं, आणि अंगणही सरळ होतं. वाकडं काय होतं ते मला हळूहळू कळलं. मी त्यांच्या डोक्यावर असायचो ना, त्यामुळे जे कुणाला दिसत नव्हतं ते मला दिसे. मुलगी उजव्या बाजूच्या दारातून हाक मारायची तेव्हा ते लगेच वळायचे. डावीकडच्या खिडकीतून हाक मारली तर ते काठ्यांची टोकं बघत बसायचे. फोन आला की डाव्या हातात घेतलेला फोनही उजव्या हातात घेऊन उजव्या कानाला लावायचे. बाबांचा डावा कान ऐकत नव्हता. मोकळ्या खोलीत दुसरा कान सगळं सांभाळून घ्यायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण हेडफोनमध्ये मी जे पाठवत होतो ते फक्त डाव्या कानात जात होतं, आणि तिथे दार बंद होतं.

आईने एकदा तक्रार केली होती. “हल्ली मी बोललेलं ऐकतच नाहीत,” ती लेकीला म्हणाली.

“मग डॉक्टरला दाखवूया ना.”

“नवरा ऐकत नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं का? सगळ्या गल्लीला न्यावं लागेल.”

दोघी हसल्या आणि विषय तिथेच संपला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मित्रांनो, आमच्या जातीला कान आहे, जीभ नाही.

तिने वायर बदलली. स्टँड बदलला. बाबांचं एकच टुमणं. शेवटी तिने मला काढलं आणि दुरुस्तीला द्यायचं म्हणून टेबलाच्या खणात ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्या खणात संपलेल्या बॅटऱ्या होत्या, एक गंजकी कात्री होती आणि कसल्याच कामाचे नसलेले स्क्रू होते. माझा भाऊ बाहेर स्टँडवर एकटाच उभा होता. काम थांबलं होतं, कारण जोडीतल्या एकाने ड्रमची एकच बाजू ऐकायची, यात काही अर्थ नसतो. मित्राचे निरोप येत होते. पहिल्यांदा ‘काय झालं?’, मग ‘कधी होईल?’, आणि मग ‘मी मशीनवर एकदा करून बघू का?’ तो निरोप मुलीने बाबांना वाचून दाखवला नाही. पण त्यांनी तिचं तोंड पाहिलं आणि ते अंगणात जाऊन बसले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझ्यावरचा आळ एक वेळ मी सोसला असता, पण त्या आळामुळे त्यांची जागा जाणार होती.

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, तपासलं, पुन्हा बंद केलं आणि परत दिलं. “ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “याच्या भावाला तपासा हवं तर.”

 घरी आल्यावर मुलीने एक गोष्ट केली, जी आवाजाची कामं करणारी माणसं नेहमी करतात. दोष वायरीत आहे की यंत्रात हे कळेनासं झालं की ती अदलाबदल करतात. दोष ज्याच्याबरोबर सरकतो, त्याचा तो दोष. तिने मला उजवीकडे लावलं आणि माझ्या भावाला डावीकडे. सुतळी लावून अंतरं मोजली. बाबांना काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याच विरुद्ध कौल दिला असता.

बाबा वाजवायला बसले. थोडं वाजवलं आणि काठ्या मांडीवर ठेवल्या.

“बघ, डावीकडची अजूनही मेलेलीच. उजवी कशी छान येतेय. तुला म्हटलं होतं, तो माइक भंगारात टाक.”

मित्रांनो, ती छान येणारी उजवी बाजू मीच होतो. माझी अब्रू परत मिळाली होती. आनंद व्हायला हवा होता, पण मुलीचा चेहरा पाहिला आणि सगळा तोरा उतरला. तिला कळलं होतं. ती बाबांच्या समोर आली, त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा त्यांच्या कानांवर ठेवला. आता डावीकडचं उजव्या कानात जाणार होतं.

“वाजवा,” ती म्हणाली.

त्यांनी हाय-हॅटवर काठी टेकवली. दचकले. पुन्हा टेकवली. चेहरा उजळला. “आली! काय केलंस तू?” मग सवयीने हात राइडवर गेला. त्यांनी एकदा मारलं, दुसऱ्यांदा मारलं. “आता ही गेली,” ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा उचललेला हात तसाच राहिला.

 बाबांनी हेडफोन स्वतःच काढला आणि स्नेअरवर ठेवला.

“कधीपासून, बाबा?”

“गेल्या वर्षी कधीतरी. सर्दी झाली होती, वाटलं त्यानं कान बसला असेल. मग सवय झाली.” ते काठीचं सालपट नखाने काढत होते. “माहीत नव्हतं असं नाही ग. माहीत करून घ्यायचं नव्हतं.”

“आम्हाला सांगायचं तरी.”

“आणि मग? बहिऱ्याला ड्रमवर कोण बसवतं?”

मुलगी खाली जमिनीवर, त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून रडली. बाबा नाही रडले. ते माझ्याकडे पाहत होते. म्हणजे वर पाहत होते, रडू येऊ नये म्हणून माणसं पाहतात तसे.

दुसऱ्या दिवशी दोघं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. घरी आल्यावर मुलीने आईला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, लगेच आला असतात तर काही करता आलं असतं, आता गेलेलं परत यायचं नाही. उरलेला कान सांभाळा. वाजवा, पण कानात बोळे घालून, आणि हेडफोनचा आवाज कमी ठेवून. बाबा गाल फुगवून बसले होते. इतकी वर्षं झांजांच्या शेजारी बसून त्यांनी कानांत कधी कापूसही घातला नव्हता.

मुलीने सुचवलं की मित्राला काही सांगायची गरज नाही. आता दोष समजला आहे, आपण नीट करून पाठवू. पण बाबांनी तिचं ऐकलं नाही. “तो मला घड्याळ म्हणतो,” ते म्हणाले. “बंद पडलेला काटा लपवून वेळ कशी सांगू?” त्यांनी फोन केला आणि सरळ सांगून टाकलं.  पलीकडून मित्र म्हणाला, “एक गाणं वाजवून पाठव. ते ऐकून ठरवतो. मैत्री बाजूला ठेवून ठरवीन हं.”

“तसंच ठरव,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज स्थिर होता. 

आता प्रश्न असा होता की एका कानाच्या माणसाला दोन बाजू ऐकवायच्या कशा? मुलीने आम्हा दोघांचं ऐकलेलं बाबांसाठी एकत्र केलं आणि ते सगळं त्यांच्या उजव्या कानात सोडलं. मी पुन्हा माझ्या डावीकडच्या जागी होतो. माझी हाय-हॅट आणि भावाची राइड आता एकाच वाटेने जात होत्या. आमची अंतरं इतकी काटेकोर होती की स्नेअर जराही पोकळ झाला नाही. पेटीत आम्ही इतकी वर्षं शेजारी झोपलो, पण एका आवाजात बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाबांनी वाजवलं. हाय-हॅट नीट ऐकू येत होती, त्यामुळे तिला झोडपायची गरज उरली नव्हती. काठीचं टोक झांजेवर नुसतं टेकत होतं. माझ्या पडद्यावर तो आवाज इतका हलका येत होता की मला जपून थरथरावं लागलं. मध्ये एका ठिकाणी त्यांनी ठेका सोडून दिला, फक्त पायाने झांजा मिटवत राहिले, आणि मग अलगद स्नेअरवर आले. ऑर्केस्ट्राच्या गोंगाटात असं कधी वाजवलंच नसेल त्यांनी. शेवटची झांज विरेपर्यंत मुलगी जागची हलली नाही.

मग त्यांनी ते परत ऐकलं, डोळे मिटून. ऐकून झाल्यावर विचारलं, “यात तो भंगारातला माइक कुठला?”

“तुम्हीच सांगा.”

त्यांनी पुन्हा ऐकलं. “कळत नाही,” ते म्हणाले. उठून त्यांनी हात वर केला आणि शर्टाच्या टोकाने माझं अंग पुसलं. सभागृहात मऊ फडक्याने पुसायचे, पण हे पुसणं मला जास्त आवडलं.

मित्राचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बाबांनी तो उजव्या कानाला लावला आणि नुसतं “हं, हं” करत राहिले.  फोन ठेवून ते म्हणाले, “बाकीची गाणी कधी देतोस, विचारतोय.”

मुलीने त्यांना मिठी मारली. आई चहा घेऊन खोलीत आली. नेहमीप्रमाणे ती बाबांच्या डाव्या बाजूला बसायला निघाली, थबकली, आणि ड्रमला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसली.

“म्हणजे वर्षभर मी भिंतीशी बोलत होते,” ती म्हणाली.

“भिंतीला कान असतात म्हणे,” बाबा म्हणाले. “तिलाच विचार काय काय बोललीस ते.”

“भिंतीला कशाला विचारू? मला सगळं आठवतंय.” आणि तिने वर्षभरात त्यांना सांगितलेलं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली. चहा निवला तरी बाबा ऐकत होते.

मित्रांनो, मी आता खरंच जुना झालो आहे. बाबांचं काम संपलं की मला आणि माझ्या भावाला नीट पुसून पेटीत ठेवतात, पावसाळ्यात पेटीत ओल धरू देत नाहीत. माझी काळजी घेणारी माणसं मला मिळाली. तुम्हीही तुमच्या वस्तूंची अशीच काळजी घ्या. पण मला जास्त सांगायचं आहे ते दुसरंच. कुणी तुमचं बोलणं ऐकलं नाही, नुसतं हसून मान हलवली, तर लगेच रुसू नका. उठा, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा.